मामांचं हॉल तिकीट

भालकीच्या माझ्या मामांना जन्मात कधी शंका म्हणून आली नाही. ज्या गावात कधी पाऊल टाकलं नाही तिथलीसुद्धा वाट ते बेधडक सांगतात, आणि ऐकणारा बिचारा विश्वासानं चालू लागतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभा जन्म उसाची वाहनं मोजल्यामुळे त्यांना माणसंही वजनातच दिसतात. दारात गेलं की आधी वरपासून खालपर्यंत एक नजर, आणि मग, "दोन किलोनं उतरलीस गं, जेवायलीस का न्हाई?" माझ्या मावसबहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा चहा यायच्या आत मामांनी एकेकाचं वजन जाहीर करून टाकलं. नवऱ्या मुलाच्या आई एक्क्याऐंशी भरल्या. ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. मावशीनं डोक्याला हात लावला, तर मामा तिलाच विचारतात, "काट्यानं खोटं बोलायचं व्हय?"

दुसरा नाद फॉर्म भरायचा. निर्णा गावापासून मंठाळ गावापर्यंत आमच्या गोतावळ्यातला कुठलाही फॉर्म मामांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढं सरकत नाही. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा माझा फॉर्म तर त्यांनी लग्नाच्या याद्यांसारखा बसून भरला. फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत आणि मागं पांढरं पाहिजे असा नियम. मामांनी धुतलेलं धोतर माझ्या पाठीमागं दोन्ही हातांनी ताणून धरलं. फोटो छान आला, फक्त माझ्या दोन्ही खांद्यांवर कुणाची तरी चार-चार बोटं उगवली होती. तो फोटो नाकारला गेला. "कॉम्प्युटरला मानसाची पारख न्हाई," मामा म्हणाले आणि दुसऱ्यांदा धोतर जरा रुंद धरलं.

पण फॉर्म भरणं वेगळं आणि परीक्षेला बसणं वेगळं. अभ्यास मला तोंडपाठ असायचा, हॉलमध्ये शिरलं की मात्र हातपाय गार. पहिल्या वर्षी पाऊण तास मी पेपरकडं नुसती बघत बसले. दुसऱ्या वर्षी उत्तरांचे गोल काळे करताना एक ओळ चुकली, ती शेवटपर्यंत चुकतच गेली. तिसऱ्या वर्षी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्पष्टच सांगितलं, "औंदा शेवटचं. न्हाई जमलं तर बीएस्सीला नाव घालायचं, रडायचं न्हाई." आप्पांचंही काही चुकत नव्हतं. मीच मनातून हरले होते.

त्याच सुमारास मामांनी माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि त्यांना शोध लागला की या परीक्षेला वयाची वरची अटच नाही! बारावी सायन्स ते झालेलेच होते. "ह्ये तर मला बोलावणंच आलंय," म्हणून मामांनी त्रेपन्नाव्या वर्षी स्वतःचा फॉर्म भरला. कर्नाटकातल्या केंद्रांवर पेपरच्या भाषेत मराठी मिळेना म्हणून कन्नड घेतली. मामी म्हणाली, "डॉक्टर व्हऊन काय करनार आता?" मामा म्हणाले, "पोरीच्या संगं बसनार. एकटी बसती म्हनून भिती ती." मग रोज संध्याकाळी बेडकाची आकृती समोर ठेवून बसायचे आणि बेडकाचंही वजन सांगायचे.

हॉल तिकिटं आली. माझं केंद्र कलबुर्गीला. मामांनी आपलं उघडलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं, आणि घडी घालून खिशात टाकलं. "माजंबी तिथंच. आत जायची वेळ तेवढी तुज्या मागनं, अर्ध्या तासानं." मला केवढा धीर आला म्हणून सांगू!

मे महिन्यातलं कलबुर्गीचं ऊन म्हणजे तव्यावर उभं राहणं. फाटकावर मामा गर्दीत घुसून खोल्यांची यादी बघून आले. "माजी खोली वरच्या मजल्यावर, बराबर तुज्या डोक्यावर. भ्यालीस तर ध्यानात ठेव, म्या आतच हाय. कामून भ्यायचं?" मी आत गेले. पेपर हातात आला आणि बोटं गार पडायला लागली, तेवढ्यात वरच्या मजल्यावर बाक सरकल्याचा खर्रकन आवाज झाला. मामा! मला हसूच फुटलं. त्या हसण्यात भीती कुठं गेली कळलं नाही. पेनाची टोपी काढली आणि जी सुटले ती थेट शेवटच्या प्रश्नापर्यंत.

बाहेर आले तर मामा माझ्याआधीच फाटकाशी उभे. मान मागून लालभडक, आणि मनगटावर घड्याळ. घड्याळ यांना आत कसं नेऊ दिलं असं मनात आलं खरं, पण मामा कुठं बोलू देतात? "फिजिक्स जरा जड व्हतं. बाकी सोपं," त्यांनी सांगून टाकलं. मला सीट मिळाली. मामांचा निकाल विचारला की "थोडक्यात हुकलं," असं ते अख्ख्या भालकीला सांगत आले.

आता माझी इंटर्नशिप चालू आहे. गेल्या महिन्यात मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याच दवाखान्यात आले. बघितल्याबरोबर मीच म्हणाले, "चार किलोनं उतरलात मामा." तर नुसते हसले. भरतीसाठी आधार कार्ड हवं म्हणून मी त्यांची फाईल उघडली, आणि त्यात ते घडी घातलेलं हॉल तिकीट निघालं. केंद्र बिदर. फोटो चिकटवायची चौकट कोरी, हॉलमध्ये करायच्या सहीची जागा कोरी. म्हणजे तीन तासांहून जास्त वेळ हा माणूस त्या उन्हात फाटकाबाहेर उभा होता, आणि वर बाक सरकवणारं कुणी भलतंच होतं. मी घडी होती तशी घातली आणि तिकीट होतं तिथं ठेवलं.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. डोळ्यात औषध घातल्यामुळे त्यांना धड दिसत नव्हतं. आणि पहिल्यांदाच, माझ्या मामांचा आवाज बारीक झाला. "तू आत येनार न्हवं?"

माझी ड्यूटी लहान मुलांच्या वॉर्डात. मला आत जाता येणार नव्हतं.

"म्या आतच हाय, मामा," मी म्हणाले. "कामून भ्यायचं?"

"मग झालं तर," म्हणून मामा ताठ मानेनं आत गेले. दार लागलं. त्यांचं घड्याळ मुठीत धरून मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले.