पाच आकडी तारीख

नाहूरच्या त्या इमारतीतला अपघात मी अजून विसरलेलो नाही. चौथ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडताना लिफ्ट अचानक खाली सरकली आणि घरकाम करणारी एक बाई जागीच गेली. मार्च संपत आला होता. मी तेव्हा पोलीस ठाण्यात तपास अधिकारी होतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू, असा गुन्हा नोंदवला. पंचनाम्यात लिफ्टचा ब्रेक पूर्ण झिजलेला आढळला.

देखभाल करणाऱ्या कंपनीकडून मी नोंदी मागवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा सुपरवायझर स्वतः प्रिंट घेऊन आला. प्रत्येक लिफ्टची एक ओळ आणि तपासणीच्या सगळ्या तारखा शेवटच्या एकाच रकान्यात, स्वल्पविराम देऊन जोडलेल्या. या लिफ्टपुढे जानेवारीची तारीख, फेब्रुवारीची तारीख आणि नंतर ४५३६६ असा आकडा होता. मी तो कामाचा नंबर समजलो.

"मार्चमध्येही आमचा माणूस जाऊन आलाय, साहेब," सुपरवायझर म्हणाला. "त्याने ब्रेक बघितला नसेल, तर आम्ही काय करणार?"

मेकॅनिकला बोलावलं. पन्नाशीचा, मूळचा वेंगुर्ल्याकडचा, हाताला ग्रीसचा वास. ब्रेक झिजल्याचं फेब्रुवारीतच सुपरवायझरला सांगितलं होतं, असं तो म्हणाला. सुपरवायझरने ते साफ नाकारलं.

"मार्चमध्ये गेला होतास की नाही?" मी दरडावून विचारलं.

"गेलो आसन, साहेब. रोज चार-पाच बिल्डिंगी. आठवणा नाय."

चार दिवस त्याला रोज ठाण्यात बसवलं. चौथ्या दिवशी त्याने जबाब दिला, मी गेलो असेन, ब्रेक बघायचा राहिला असेल. मला तपास संपल्यासारखा वाटला.

त्याच दुपारी ठाण्याच्या फोनवर एका बाईने नाव न सांगता एवढंच म्हटलं, "लिफ्टच्या कागदावर तो जो आकडा आहे ना, तो नंबर नाहीये. ती तारीख आहे." फोन बंद.

आमच्या संगणकावर एक महिला हवालदार काम करायच्या. त्यांनी कागद पाहिला आणि लगेच हसल्या. "सर, पगाराच्या रजा लावताना माझी पण अशीच वाट लागली होती. एक्सेलची शीट तारखेला आतून आकडाच समजते, १९०० सालापासून मोजलेले दिवस. सेलमध्ये ती तारीख दिसते. पण फॉर्म्युला लावून चार सेल एका सेलमध्ये जोडले, की तारखेचा वेश उतरतो आणि आकडा उरतो." त्यांनी तो आकडा रिकाम्या सेलमध्ये टाकला आणि तारखेचं स्वरूप दिलं. पंधरा मार्च.

"मग आधीच्या दोन तारखा नीट कशा?"

"त्या कुणीतरी मजकूर म्हणून टाकल्यात, सर. ही तिसरी वेगळ्या हाताची वाटते."

कंपनीत नोंदी ठेवणारी एकच क्लार्क होती, कांदिवलीची. तिला बोलावलं. तो निनावी फोन तिचाच होता. "मी तारखेआधी एकेरी अवतरणचिन्ह देते, म्हणजे जोडताना बिघडत नाही," ती म्हणाली. "मार्चचा सेल मी रिकामा ठेवला होता, साहेब. त्या महिन्यात कुणी गेलंच नव्हतं. अपघातानंतर सुपरवायझर माझ्या जागेवर बसले होते."

आता हातात नक्की दिवस होता. पंधरा मार्चला त्या मेकॅनिकचं काम कुठे होतं, ते शोधलं. जुहूच्या एका हॉटेलात. तिथल्या गेटच्या रजिस्टरवर सकाळी आत जाताना आणि संध्याकाळी बाहेर पडताना त्याची सही होती.

ती नोंद समोर ठेवल्यावर सुपरवायझर बराच वेळ पाणी पीत राहिला. "माणसं कमी होती, साहेब. ब्रेकचं त्याने सांगितलं होतं. मार्च कोरा दिसला असता तर सगळं माझ्यावर आलं असतं." त्याच्याविरुद्ध दोषारोपपत्र गेलं.

मेकॅनिकला बोलावून मी खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. त्याला सुटल्याचा आनंद झाला असेल, असं मला वाटलं. तो हळूच म्हणाला, "म्हणजे मी गेलंच नव्हतंय ना, साहेब? नक्की?" चार दिवस तो माणूस त्या बाईला आपणच मारलं, असं धरून घरी जात होता. खोटं लिहिणारा मात्र पहिल्या दिवसापासून निवांत होता.

नोकरीत अनेकांना मी कबूल करायला लावलं आणि त्याचा अभिमानही बाळगला. प्रामाणिक माणूस दबावाखाली खोटं बोलतो असं नाही, त्याचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्याचा पुरवणी जबाब मी स्वतः लिहून घेतला. सही करण्याआधी त्याने तो दोनदा वाचून दाखवायला सांगितला, आणि मी वाचला.