इचारून घेतलेली चीज

घाटनांदूरच्या पंचक्रोशीत जे जे म्हणून कानांनी ऐकले गेले, ते सारे एके काळी एकाच माणसाच्या बोटांखालून गेले होते, असे मी म्हटले तर देवी मला असत्यभाषणाचा दोष लावणार नाही. स्टेशनच्या वाटेवर लिंबाखाली त्यांचे एवढेसे दुकान आहे. सारे गाव त्यांना ‘कार्डवाले भाई’ म्हणते. मोबाईलमधले नखाएवढे मेमरी कार्ड त्यांच्या पुढ्यात ठेवावे आणि त्यांनी ते संगणकात खोचून गाण्यांनी, भजनांनी, कव्वाल्यांनी भरून द्यावे, अशी रीत होती. घरोघरी इंटरनेट आल्यावरही ती रीत लगेच मोडली नाही. कारण गाणे शोधत बसण्यापेक्षा भाईंकडे जाऊन मागणे लोकांना अधिक गोड वाटे. शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो, तेव्हापासून प्रातःकाळी देवीचे दर्शन घेऊन परतताना त्यांच्या बाकड्यावर टेकणे हा माझा नित्यनेम झाला. त्या वेळी रस्त्यावर धुके असे, रुळांपलीकडची शेते अर्धवट झोपेत असल्यासारखी दिसत, आणि भाई डोळे मिटून कुठलेतरी गाणे असे ऐकत असत, की ते गाणे त्यांनाच कुणी स्वप्नात दिले आहे असे वाटावे.

मागेल ते द्यावे हा व्यापाराचा धर्म. भाईंना तो कधीच साधला नाही. ते वैद्याप्रमाणे प्रकृती पाहून कार्ड भरत. एक तरणाबांड शेतकरी एकदा विरहगीते मागू लागला. भाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाले, “बायकू माहेरी गेलीय व्हय? मग दोनच देतो. लई ऐकलीस तर आणायला जायचं इसरशील.” तो मुकाट्याने दोन गाणी घेऊन गेला आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी पत्नीसह दुकानात येऊन डीजेची गाणी भरून घेऊन गेला. कार्ड अर्धेमुर्धे भरून देणे हा तर त्यांना अपशकुन वाटे. उरलेल्या जागेत ते आपल्या मनाने काहीबाही घालीत, आणि सर्वांत शेवटी, जेवणानंतर विडा द्यावा तसा, आमच्या आबांचा स्तोत्रपाठ ठेवीत.

आबा म्हणजे माझे विद्यागुरू. मला अक्षर आणि उच्चार दोन्ही त्यांनी दिले. वृद्धापकाळी ते देवळाच्या ओवरीत बसून देवीचे स्तोत्र म्हणत, तेव्हा कबुतरेही घुमायची थांबत. ते ध्वनिमुद्रित करावे ही कल्पना भाईंची. मोबाईल मागण्यासाठी पसरलेल्या पदरासारखा दोन्ही हातांत धरून ते पायरीखाली उभे राहिले आणि म्हणाले, “आबा, तुमचा आवाज घेऊ का? माज्याकडं येणाऱ्या समद्यांना देईन म्हणतो.” आबा हसले. म्हणाले, “घे की. मला तरी हा कुठे माझा म्हणून मिळाला? कुणीतरी दिला, मी सांभाळला. ऐकून झाला की पुढच्याला दे.” आबा गेल्यानंतर तो आवाज मी रोज सकाळी त्या बाकड्यावर बसून ऐकत असे. माझ्या साध्या फोनला कार्डाची खाचच नव्हती, आणि भाई आहेत तोवर वेगळी प्रत कशाला, असे मला वाटे. भाईंचे गिऱ्हाईक मात्र या विड्याने चक्रावून जाई. एका ट्रॅक्टरवाल्याने विचारलेही, “भाई, डीजेच्या मागनं संस्कृत कावून लागतंय?” भाई शांतपणे म्हणाले, “उतरायला जिना नको का, बे?”

परंतु भाईंचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच होता. परक्याची चीज न विचारता घेणे त्यांच्या मनाला टोचत असे, आणि घेतल्यावाचून तर राहवत नसे. या पेचातून त्यांनी स्वतःपुरता एक मार्ग काढला. प्रत्येक गाण्याच्या आरंभी ते स्वतःच्या आवाजात, आकाशवाणीच्या निवेदकाचा आव आणून, क्षमायाचना जोडीत: “ही चीज आमच्या मालकीची न्हाई. मालकाला इचारायला जमलं न्हाई. माफी असावी. घाटनांदूर, स्टेशन रस्ता, लिंबाखालचं दुकान.” कितीही उडते गाणे असो, आधी ही विनवणी ऐकावी लागे. लोकांना तिची इतकी सवय झाली, की एखादे गाणे तिच्यावाचून सुरू झाले तर ते अपुरे वाटे. केवळ आबांच्या पाठाचे निवेदन निराळे होते. तिथे भाईंचा स्वर किंचित ताठ होई: “ही चीज आबांची हाय. इचारून घेतली हाय. ऐकून झाल्यावर दुसऱ्याला द्या.”

एका दुपारी एका गाण्यांच्या कंपनीचा माणूस दोन पोलीस शिपायांसह दुकानात आला. गृहस्थ सौम्य होता. पाटोद्याच्या बाजारात चहा पिताना हॉटेलातल्या गाण्याआधी त्याने भाईंची माफी ऐकली होती, आणि तिच्यातला पत्ता विचारीत तो थेट लिंबाखाली पोहोचला होता. त्याने आपल्या फोनवर ती माफी लावली.

“हा आवाज तुमचाच का?”

भाईंनी मान कलती करून शेवटपर्यंत ऐकले. “माजाच हाय. पर त्या दिशी सर्दी झालती. साफ न्हाई आला.”

“अहो, चोरी करणारा कुणी पत्ता सांगतो का?”

“मालकाला आमाला धुंडायचं झालं तर? त्यानं कुटं कुटं फिरावं?”

दोघांतला वयस्क शिपाई लिंबाकडे तोंड करून उभा होता. पुढे त्यानेच मला सांगितले, “गुरुजी, भाईंची माफी माज्या फोनात बी व्हती. सायबाम्होरं वाजू नये म्हणून सकाळधरनं फोन बंद ठेवला व्हता, अन् रातीला समदं पुसून टाकलं.”

निघताना तो गृहस्थ हळूच म्हणाला, “भाई, माफीने गाणाऱ्याच्या घरची चूल पेटत नाही.” त्याच्या बोलण्यात तथ्य होते, विद्येवरही पोट असते, हे मी जन्मभर शिकवूनच जाणले आहे. संगणक आणि भाईंचा मोबाईल पांढऱ्या फडक्यात बांधले गेले, त्यावर लाख लावली गेली, आणि आबांचा आवाज मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्याच्या कोठडीत जाऊन पडला. मी बाकड्यावर बसलो होतो. आबांना दुसऱ्यांदा पोहोचवून आल्यासारखे वाटले.

मी गावात विचारीत फिरलो. कुणी फोन बदलला होता, कुणी नातवंडांच्या फोटोंना जागा हवी म्हणून पाठ पुसून टाकला होता. आबांचा उच्चार मला पाठ होता, परंतु आबांचा आवाज माझ्या कंठात नव्हता. इकडे भाईंनी न्यायालयात लिहून दिले, की परक्याच्या मालकीची चीज विनापरवाना कार्डावर उतरवणार नाही; आणि मग त्या शब्दांना ते असे चिकटले की वकीलही कंटाळला. ते फोनची कव्हरे आणि काचा विकू लागले. एक बाई आपल्या जुन्या फोनमधले बारशाचे फोटो नव्या फोनमध्ये घालून मागत होती, तर भाई म्हणाले, “ताई, फोटो काढणाऱ्याला इचारलं का?” ती म्हणाली, “माज्या नवऱ्यानं काढलेत की.” भाई म्हणाले, “मग त्यास्नी घिऊन या.” प्रातःकाळी आम्ही दोघे बाकड्यावर बसत असू. धुके तसेच असे. गाणे मात्र नसे.

पुढे एका सुस्त दुपारी सिरसाळ्याच्या एका डीजेची गाडी वरात घेऊन स्टेशनच्या वाटेने आली. गाणी दणाणत होती, पोरे नाचत होती. दुकानासमोर येताच शेवटचे गाणे संपले, क्षणभर सारे थबकले, आणि त्या घराएवढ्या उंचीच्या कर्ण्यांतून भाईंचा आवाज आला: “ही चीज आबांची हाय. इचारून घेतली हाय...” भाई काउंटरखाली वाकले. “गुरुजी, बंद करा म्हणा त्याला. माजं नाव कोर्टात हाय.” पण तोवर आबा सुरू झाले होते. नाचणारी पोरे हात वर धरून तशीच उभी राहिली. नवरदेवाने, काही न समजून, घोड्यावरूनच नमस्कार केला. स्टेशनपासून देवळापर्यंतची हवा आबांच्या आवाजाने भरली आणि मी बाकड्यावरून उठून उभा राहिलो.

पाठ संपल्यावर मी डीजेवाल्याकडे गेलो. तो ओशाळून म्हणाला, “जुनं कार्ड हाय, गुरुजी. भाईनीच भरल्यालं. शेवटचं पुसायचं राहून गेलतं.” त्याने कार्ड काढून माझ्या तळहातावर ठेवले. मी ते भाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवले; पण त्यांनी हात मागे घेतला. “लिवून दिलंय, गुरुजी. उतरवायचं न्हाई.” माझे आबा त्या नखाएवढ्या काळ्या तुकड्यात होते, आणि त्यांना बाहेर काढणारी बोटे गावात एकाच माणसाची होती. भाईंचे ओठ हलत होते. स्वतःचेच निवेदन ते स्वतःला म्हणून दाखवीत होते. मग अगदी हळू म्हणाले, “पर ही तर इचारून घेतल्याली हाय.” आणि त्यांनी शेजाऱ्याच्या दुकानातला संगणक मागून आणला.

आता भाई थकले आहेत. बोलताना धाप लागते, स्वर घोगरा झाला आहे. मोबाईल दुकानाच्या फळीवर टेकवून ते रोज पहाटे तो पाठ लावतात. आधी त्यांचाच जुना, भरदार, ताठ आवाज ‘इचारून घेतली हाय’ असे सांगतो, आणि तो ऐकताना भाई माझ्याकडे पाहून किंचित हसतात, जणू दूरचा एखादा ओळखीचा माणूस बोलत आहे. नंतर आबा येतात. पहाटेची गाडी गेलेली असते, धुक्यात रूळ ओले चमकत असतात. वाटेने जाणारा कुणी क्षणभर रेंगाळला, तर भाई डोळे न उघडताच त्याला विचारतात, “पायजे का?”