दहा वाजताचं पाणी

वामनमामाला या कामावर लावायची बुद्धी मला कुठून झाली, देव जाणे. माझा सख्खा मामा. अर्धा जन्म खाडीत मासे पकडण्यात गेला, मग खाडीवर बंदर आलं आणि मामा सव्वीस वर्षं एका गोदामाच्या गेटवर वॉचमन म्हणून बसला. रिटायर झाल्यावर घरात सगळ्यांच्या डोक्यावर बसला. मला वाटलं, पाण्यातला माणूस आहे, आमच्या मुलांवर लक्ष ठेवेल. मुलांवर ठेवतो, नाही म्हणत नाही. ब्लडप्रेशर माझं वाढतं.

तळोज्याच्या कारखान्यांत पोटासाठी आलेल्या परप्रांतीय लोकांच्या मुलांना आमची संस्था दर रविवारी नावड्याहून बसने उरणच्या किनाऱ्यावर नेते. फोमच्या फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत यायचं. घर सुटलेल्या, गप्प झालेल्या पोरांना त्याने बरं वाटतं, असं सांगतात. आणि खरंच वाटतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. लाटा आमच्याकडे वीतभर, पाणी चहाच्या रंगाचं, समोर न्हावा शेव्याला जायची जहाजं उभी. पण पोरं खदाखदा हसतात. ऑफिसने वेळापत्रक छापून लॅमिनेट करून दिलं: दर रविवारी, सकाळी दहा.

झालं, मामाचं तिथूनच बिनसलं. "दहाला पानी नाय," म्हणाला. म्हटलं, मामा, समुद्रात पाणी नाही? तर खरंच नव्हतं. एका रविवारी छान भरलेलं, पुढच्या रविवारी नुसती ओली वाळू आणि चिखल. मामाचं म्हणणं, तिथी बघा, तिची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. "तुज्या आईला पन येतं ह्ये," हे आणि वर. मी त्याच घरची, पण कॅलेंडरमध्ये मी चतुर्थी कधी आहे तेवढंच बघते. ऑफिसात सांगितलं, तर सर म्हणाले, "रंजिता, दर आठवड्याला वेगळी वेळ दिली तर बसवाला येईल का?" यांना समुद्रापेक्षा बसवाल्याची भीती जास्त.

त्यात प्रियदर्शिनी. पंधरा वर्षांची, ओडिशाची. समुद्राने त्यांचं गाव थोडं थोडं करून खाल्लं, शेवटी एका वादळात पाणी घरात शिरलं आणि आजी गेली. वडील कान्हाभाऊ तळोज्याला केमिकल कंपनीत लागले. मुलगी शाळेत जाईना, बोलेना, नळ जोरात सोडला तरी दचकायची. आणि असल्या मुलीचं नाव आमच्या ऑफिसने समुद्रावर न्यायच्या यादीत घातलं. का, तर फॉर्मवर 'समुद्राशी ओळख आहे' यापुढे टिक होती. कपाळावर हात मारला मी.

कान्हाभाऊंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, सहा रविवार बघतो. सुधारली नाही तर तिला गावी माझ्या भावाकडे पाठवतो. इथे दिवसभर खोलीत एकटी, तिला बघणार कोण?" आणि भावाचं घर कुठे? त्याच किनाऱ्यावर, पाण्यापासून दोनशे पावलांवर.

पाच रविवार ती समुद्राकडे पाठ करून बसली. आमचा ट्रेनर विपुल समजावून समजावून थकला. मामाने तर त्याला हाकललंच. मग स्वतः तिच्या शेजारी बसून काठीने वाळूत काहीतरी गिरवत राहायचा. मला वाटलं, माशांच्या गप्पा मारतोय. जाऊन बघते, तर पोरीला भरतीच्या हिशेबासाठी पाऊणकीचा पाढा शिकवतोय. मी भडकलेच. "मामा, तुला मुलांवर लक्ष ठेवायला आणलंय, शाळा घ्यायला नाही."

"रंजे, पानी कवा येल त्ये ठाव नाय, म्हनून पोर घाबरते. टाईम कलला का नाय घाबरनार."

सहाव्या रविवारी देणगीदार पाहुणे यायचे होते. मामाने पंधरा दिवस आधी सांगितलं, पंचमी हाय, दहाला पानी पार तलाला. मी ऑफिसला तीनदा बोलले. ऐकलं कोणी? साडेनऊला पोचलो, तर समोर मैदान. पाहुण्या बाई मला विचारतात, "समुद्र कुठाय?" विपुल कोरड्या फळीवर डोकं धरून बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कान्हाभाऊही आले होते, बुधवारचं तिकीट काढूनच. मोबाईलवर दाखवलं मला. आणि मामा? निवांत तंबाखू मळत होता.

तेवढ्यात प्रियदर्शिनी उठली. चपला काढल्या, वळली आणि सरळ पाण्याच्या दिशेने चालायला लागली. कान्हाभाऊ धावणार होते, मामाने त्यांचं मनगट धरलं. "जाऊ द्या. पानी फिराया आजून पंधरा-वीस मिनटं हाय." अडीचशे पावलं तरी असतील. ती अगदी कडेला गेली. घोट्यापर्यंत पाय बुडाले असतील, नसतील. तिथे ती तोंड समुद्राकडे करून उभी राहिली.

दहाच्या सुमाराला ती परत फिरली. पळाली नाही. मागून पाणी हळूहळू तिच्या पावलांत भरत होतं आणि ती गॅसवर दूध ठेवलेल्या बाईसारखी अधूनमधून मागे नजर टाकत येत होती. येऊन माझ्यासमोर उभी राहिली. दीड महिन्यात तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"आज पंचमी हाय," ती म्हणाली. "पावनेचारला भरनार. पुढचे रविवारी बारस. नऊला भरनार. मी फली घेनार."

अस्सल मामाची भाषा. हसू की रडू मला कळेना. पाहुण्यांच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'मूल पाण्यात उतरले का?' मी 'हो' वर टिक केली. घोट्यापर्यंत तर घोट्यापर्यंत.

कान्हाभाऊंनी तिच्या चपला आणून तिच्या पायाशी ठेवल्या. मग मोबाईल माझ्या हातात देत म्हणाले, "मॅडम, तिकीट कॅन्सल कसं करतात?"

त्यांनी सांगितलेला पासवर्ड मी दोनदा चुकवला. डोळे भरले होते, दिसत नव्हतं. आणि मागून मामा सुरूच.

"त्ये नंतर कर गो. पयला बसवाल्याला फोन कर. नऊची भरती हाय, बस सातला पायजे."

ऑफिसला काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं आणि बसवाल्याला फोन लावला.