इटलीच्या फाइलीत माहेरचं नाव

माझी सून इथलीच, ओहायोची, पण तिचे पणजोबा इटलीतून आलेले. दगड फोडायला आले आणि इथंच राहिले. मी अमेरिकेत आलो तेव्हा तिनं एक काम काढलं होतं. इटलीचं नागरिकत्व मिळवायचं, आणि तेही अमेरिकेचं न सोडता.

मी मुलाला विचारलं, "अमेरिकेचा पासपोर्ट असताना हिला ते कशाला हवंय? लोक इथं यायला मरतात."

तो म्हणाला, "तिच्या वडिलांची इच्छा आहे, बाबा."

मग मी तो विषय सोडला. लेक बापासाठी काही करत असली तर आपण मध्ये तोंड घालू नये.

मी सातवी नापास. आयुष्यभर विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त केली. बायको गेली आणि पुढच्या वर्षी मुलानं मला डब्लिनला आणलं. हे डब्लिन ओहायोतलं. घर मोठं, रस्ते स्वच्छ, आणि दिवसभर रस्त्यावर माणूस दिसत नाही. मला बोलायला कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बोलायचंही नव्हतं. संध्याकाळी सून स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसायची आणि मी समोर बसून बघायचो. तेवढाच वेळ जायचा.

त्या कामाची रीत अशी, की पणजोबापासून आपल्यापर्यंत प्रत्येकाचा जन्म, लग्न आणि मरण कागदानं सिद्ध करायचं. शिवाय पणजोबा अमेरिकन झाला तो त्याचा मुलगा जन्मल्यानंतर झाला, हे दाखवायचं. आधी झाला असेल तर खेळ खलास. हा पणजोबा मुलगा चांगला हाताशी आल्यावर अमेरिकन झाला होता. आळस केला असेल. त्याच्या आळसावर ह्यांचं सगळं उभं होतं.

आमच्याकडं हेळवी यायचा, बैल घेऊन. घराण्याच्या सात पिढ्यांची नावं धडाधड म्हणायचा आणि पायली-दोन पायली जोंधळा घेऊन जायचा. त्याच्याकडं कुणी दाखला मागितला नाही. हे मी सुनेला सांगितलं, मुलानं त्याचं इंग्रजी केलं. ती म्हणाली, "बाबा, असा एक माणूस मला इटलीत भेटला असता तर माझी दोन वर्षं वाचली असती."

व्याही दर रविवारी यायचे. माझ्याच वयाचे, त्यांचीही बायको गेलेली. त्यांना मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही. दोघं मागच्या अंगणात खुर्च्या टाकून बसायचो. एकदा त्यांनी मुलाकरवी विचारलं, "तुम्हाला नको का दुसरा देश?"

मी म्हणालो, "मला एकच झेपला नाही."

ते एवढे हसले की ठसका लागला.

फाइल त्यांची आणि सुनेची एकत्र होती. इटलीच्या अमेरिकेतल्या कचेरीची तारीख मिळायलाच दीड वर्ष गेलं. ती चुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. आणि व्याह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. आणखी दीड वर्ष त्यांच्याकडं आहे असं कुणी धरत नव्हतं, ते स्वतःही नाही.

तारखेला तीन आठवडे उरले आणि माझ्याच मुलाचा जन्मदाखला आडवा आला. सुनेचं लग्न तिकडं नोंदवायचं तर नवऱ्याचाही दाखला लावायचा होता. मुलानं तो गावाकडून मागवला, इंग्रजीत करून घेतला, आणि नीट वाचला तो त्या दिवशी. त्याच्या पासपोर्टात आईचं नाव एक, दाखल्यात दुसरंच.

"बाबा, ही कोण बाई?" त्यानं कागद माझ्यापुढं धरला.

"तुझी आई."

"हे आईचं नाव नाही."

"तेच तिचं नाव. तुझ्या कानावर आलं नाही, एवढंच."

त्याच्या कानावर येणार तरी कसं? मामा लोक तिला आक्का म्हणायचे. नावानं हाक मारणारे तिचे वडील, ते हा चार वर्षांचा असतानाच गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. तिच्या वडिलांनी ग्रामपंचायतीत जाऊन नोंद केली आणि आईच्या रकान्यात लेकीचं माहेरचं पुरं नाव घातलं. मी तर लग्नात तिचं नाव बदललं होतं. आमच्या थोरल्या वहिनीचं नाव नेमकं तेच होतं. एका घरात एका नावाच्या दोन बायका म्हणजे रोजचा घोळ, म्हणून आत्यानं दुसरं सुचवलं. ताटात तांदूळ पसरले आणि मी अंगठीनं ते लिहिलं. तिला कुणी विचारलं नाही, मीही नाही. तेव्हा तशी पद्धत होती हे खरं, पण पद्धतीच्या आड मी लपत नाही.

बारशाच्या दिवशी सासऱ्यांनी ती नोंद मला कौतुकानं दाखवली. माझ्या डोक्यात सणक गेली. माझी बायको, आणि नाव ह्यांचं! पानावरून उठलो आणि तीन महिने तिला आणायला गेलो नाही. शेवटी सासरेच लेकीला आणि नातवाला बैलगाडीतून आमच्या दारात सोडून गेले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. शाळेत घालताना मी माझ्या हिशेबानं आईचं नाव सांगितलं, आणि पुढं पासपोर्ट निघाला तो शाळेच्या दाखल्यावर. ती त्याबद्दल चाळीस वर्षांत एक शब्द बोलली नाही.

मुलानं दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलं आणि मराठीत वाचून दाखवलं. जन्मदाखल्यात आईचं नाव चुकीनं पडलं आहे, खरं नाव अमुक अमुक, खाली माझी सही.

"करा सही. बँकेत जाऊन नोटरी करून घेऊ."

"नाही करणार."

"का?"

"चुकीनं पडलेलं नाही ते."

"बाबा, फॉर्म्यालिटी आहे. सगळे असंच लिहितात. वकिलाकडून फॉरमॅट आणलाय."

"वकील बारशाला होता काय?"

"काय यार, बाबा!"

"मी तुझा यार नाही. बाप आहे."

तो कागद टेबलावर टाकून निघून गेला. आठवडा असाच गेला. तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. एकदा एवढंच म्हणाला, "तुमच्या एका सहीवर त्या माणसाचं सगळं अडलंय." मला ते कळत नव्हतं असं नाही. रविवारी व्याही आले. त्यांना सगळं कळलेलं दिसत होतं. नेहमीसारखी खुर्ची ओढून शेजारी बसले, पण मला काही विचारलं नाही. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी हट्टी आहे, पण हा हट्ट नव्हता. बायको शेवटी दवाखान्यात तीन दिवस बेशुद्ध होती. तिथली नर्स म्हणाली, "काका, नाव घेऊन हाक मारा. ऐकू येतं त्यांना." मी तिला जन्मभर "अगं" म्हणत आलो. मी ठेवलेलं नाव कधी माझ्याच तोंडात बसलं नाही. तिचं स्वतःचं घ्यावं तर कुठल्या तोंडानं घेणार? मी आपला "अगं, अगं" करत राहिलो. तिनं डोळे उघडले नाहीत. आणि आता मीच सही करून सांगायचं, की ते नाव चुकून पडलं?

हे मी मुलाला सांगितलं नाही. सुनेला सांगितलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करून. तिला किती समजलं देव जाणे. ती उठली, फाइल घेऊन आली आणि मुलालाही बोलावलं. तिनं एक कागद काढला. पणजोबांच्या आईचा मृत्यूचा दाखला, इटलीतल्या गावचा. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि मुलगा सांगत गेला. "ही अमक्याची बायको, असं लिहिलंय. पण नाव बापाकडचंच. तिकडं बाईचं नाव कागदावर मरेपर्यंत बदलत नाही म्हणे."

"मग त्यांना आमच्या कागदात चूक कसली दिसणार?" मी म्हणालो.

सून माझ्यासमोर पेन घेऊन बसली. "बाबा, तुम्ही सांगा. मी लिहिते."

मी सांगितलं. दाखल्यातलं नाव बरोबर आहे. ते तिच्या वडिलांनी ठेवलं. पासपोर्टातलं नाव मी लग्नात ठेवलं, तिला न विचारता. दोन्ही नावांची बाई एकच, माझी बायको.

"असं कुणी लिहीत नाही," मुलगा म्हणाला. पण त्यानंच एकेक वाक्य इंग्रजीत करून तिला सांगितलं, आणि 'तिला न विचारता' गाळलं नाही. ते मी सुनेकडून खात्री करून घेतलं. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन सही केली. तिथल्या बाईनं विचारलं, स्वतःच्या इच्छेनं करताय ना? मी म्हणालो, "यस." एवढं इंग्रजी मला येतं.

कचेरी दुसऱ्या राज्यात, साडेतीन तासांवर. व्याह्यांनी कोट घातला होता आणि गाडीत फाइल मांडीवर धरून बसले होते. काचेमागं एक चष्मेवाली बाई होती. तिनं एकेक कागद उलटा-सुलटा केला. माझ्या मुलाच्या दाखल्याशी आली, थांबली, आणि बायकोचं माहेरचं नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं मोठ्यानं वाचलं. मी बाकावरून उठून उभा राहिलो. तिनं आमचं प्रतिज्ञापत्र वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि ते काचेखालून परत सरकवलं. म्हणाली, ह्याची गरज नाही, आम्ही बाईचं जन्माचंच नाव धरतो. मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं. फाइल तिनं ठेवून घेतली. व्याही माझ्याजवळ आले आणि माझा दंड धरून तसेच उभे राहिले. पुढच्या वर्षी त्यांचे आणि सुनेचे पासपोर्ट आले, आणि ते पणजोबांच्या गावी जाऊनही आले.

त्या दिवशी कचेरीतून परत येताना सूनच ड्राइव्ह करत होती. शहर मागं पडलं. मग मुलगा मागं वळून म्हणाला, "बाबा, ती बाई म्हणाली तसंच म्हणायचं का ते आईचं नाव?"

"नाही. तसं नाही."

"मग कसं?"

मी ते नाव घेतलं, पण पहिल्या खेपेला अर्धंच आलं. दुसऱ्या खेपेला नीट आलं. मुलानं ते म्हटलं, सुनेनं म्हटलं. शेजारी बसलेल्या व्याह्यांनीही म्हणून बघितलं आणि त्यांचं चुकलं. मी त्यांच्याकडं वळलो आणि पुन्हा म्हणून दाखवलं, सावकाश.