अर्धा रिकामा फेरा

दादाच्या कटर मशीनचं हँडल ढिलं आहे, हे मी सुट्टीवर यायचो तेव्हापासून मला माहीत होतं. ते ढिलंच ठेवायचा एखाद्याला हट्ट असू शकतो, हे मात्र पेन्शन घेऊन गावी परतल्यावर कळलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्या फाट्यावर, हायवेकडे तोंड करून त्याचं सुतारकामाचं शेड आहे. शेडच्या मधोमध ते मशीन. लोखंडी टेबल, त्याच्या फटीतून वर आलेलं गोल पातं आणि पातं वरखाली करायला पुढच्या बाजूला चाकासारखं हँडल. हँडलच्या आतली खाच झिजून इतकी रुंद झाली होती की उलटं फिरवताना पहिला अर्धा फेरा नुसताच जायचा, पातं ढिम्म हलायचं नाही. हव्या उंचीला लावलेलं पातं आवळून धरायची मूठ तर कधीच मोडली होती. तिच्या बोल्टला कायम एक पक्कड लटकलेली असायची. खंडेनवमीला दादा त्या पक्कडीलाही हळदकुंकू वाहायचा. मी विचारलं तर म्हणाला, "आता ती मशीनचीच झाली की."

मी बावीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपात काढली. तिथे एक नट सैल राहिला तर साहेब सगळ्यांसमोर सोलून काढायचे. त्यामुळे ती पक्कड दिसली की माझं डोकं फिरायचं.

"दादा, हँडल कराडला नेऊन नीट करून आणतो. एका दिसाचं काम हाय."

"चालतंय की."

"चालत न्हाई, म्हणून तर सांगतोय."

"तुला चालत न्हाई. मला चालतंय."

आठवड्यातून एकदा तरी हे व्हायचंच. रोज मरे त्याला कोण रडे, म्हणून घरात कुणी लक्ष देईनासं झालं. वहिनीला आणि शिरवळच्या कारखान्यात असलेल्या पुतण्याला तर मशीनच बंद व्हायला हवं होतं. दादाची नजर अधू झालेली, टेबलावरच्या पट्टीचे आकडे त्याला दिसत नाहीत. पुतण्या फोनवर म्हणायचा, "आबा, आता बास करा." त्यावर दादाचं उत्तर ठरलेलं, "डोळ्याचं काय घिऊन बसलाय? हात शाबूत हाय न्हवं?"

आणि हात खरंच शाबूत होता. तो पट्टीकडे बघायचाच नाही. पातं पार खाली न्यायचं आणि मनात फेरे मोजत वर घ्यायचं. आधी फालतू तुकड्यावर कापून बघायचीही त्याला गरज वाटत नसे. 

यंदा मी घर बांधायला काढलं. मुख्य दाराची चौकट दादाच करणार, यात बोलण्यासारखं काही नव्हतं. गुरुजींनी चौकट बसवायचा मुहूर्त काढून दिला, सागवान येऊन पडलं, आणि दादा-वहिनी दोन दिवस फलटणला पाहुण्यांच्या साखरपुड्याला गेले. मी तीच संधी साधली.

हँडलचा एक स्क्रू गंजून बसला होता, तो डिझेलमध्ये भिजवून सोडवण्यात सकाळ गेली. कराडच्या लेथवाल्यानं हँडल उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "आवं, नवं मशीन घ्या की." मला नवं मशीन नको होतं, कुणीतरी एकदा सांगितलेलं काम करावं, एवढंच मला हवं होतं. तासभर हुज्जत घातल्यावर त्यानं आत पोलादी बुश, म्हणजे कडं, बसवून नवी खाच कापून दिली. मूठही नवी मिळाली. संध्याकाळी सगळं जोडलं आणि एकटाच हँडल फिरवत बसलो. हात लावला की पातं हलत होतं. पक्कड मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली.

दादा परत आला. मूठ दिसल्यावर म्हणाला, "ही बदललीस व्हय? बरं." मग हँडल थोडं फिरवलं. "हे लय हलकं फिरतंय. त्याल घातलंस?"

एवढ्या खटाटोपानंतर हे! माझं पित्त खवळलं. म्हटलं, याच्या हाताला कळेल तेव्हा कळेल, आणि फुगून म्हणालो, "व्हय, घातलंय त्याल."

दुसऱ्या दिवशी त्यानं चौकटीचे उभे खांब घेतले. दार टेकायची खाच दोन्ही खांबांना कापून झाली. त्यानं खाचेतून अंगठा फिरवला आणि थांबला. "टेप लाव रं जरा," म्हणाला. मी लावला. खाच दीड सूत, म्हणजे जवळपास पाच मिलिमीटर, जास्त खोल गेली होती. दुसऱ्या खांबालाही तेवढीच.

दादानं मशीन बंद केलं आणि भुशावरच बसला. चहा घेऊन आलेली वहिनी दारात थबकली.

"हात गेला रं माझा," तो म्हणाला. "पोराला फोन लावा. म्हणावं, आबानं बंद केलं."

मला टेप हातात असतानाच उमगलं होतं. इतकी वर्षं त्याचा हात तो अर्धा रिकामा फेरा धरूनच मोजत आला होता. आता तो फेरा रिकामा नव्हता. पण वहिनीनं चहा खाली ठेवून मोबाइल काढला होता, आणि सगळ्यांना हवं ते आपोआप होत होतं. मी गप्प बसलो. लिहायलाही लाज वाटते, पण पुतण्याच्या फोनची रिंग ऐकू येईपर्यंत मी गप्प बसलो.

मग म्हणालो, "वहिनी, ठेवा फोन. दादा, हँडल मी नीट करून आणलंय. ती ढील आता न्हाई."

दादानं मान वर केली. "त्याल घातलंय म्हणालास."

"खोटं बोललो."

पुढचं तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनीही म्हणाली, "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा." मग दादा उठला. एक फालतू तुकडा घेतला, पातं पार खाली नेलं, अर्धा फेरा कमी मोजून वर घेतलं आणि कापलं. अंगठा फिरवला. पुन्हा एक तुकडा कापला. मला टेप लावायला सांगितलंच नाही. त्याचा चेहरा बघूनच कळलं, आणि माझा जीव भांड्यात पडला.

"मी नवं सागवान आणतो," मी म्हणालो.

"कशाला? चालतंय की."

त्यानं दोन पातळ पट्ट्या काढल्या, जास्तीच्या खोलीत चिकटवल्या आणि चौकट मुहूर्तावर उभी राहिली. पट्ट्यांचा रंग लाकडाहून फिकट आहे. दार उघडलं की आधी त्याच दिसतात. पॉलिशवाल्याला म्हटलं, रंग जुळवून दे, तर दादानं त्याला परस्पर नको म्हणून सांगितलं. तो रोज शेड बंद करून माझ्याकडे चहाला येतो, आणि कुणी पाहुण्यानं विचारलं, की हे असं काय झालंय, तर मी तोंड उघडायच्या आत तोच बशी खाली ठेवून सांगतो, "आमच्या धाकट्यानं दुरुस्ती केल्ती."