गोल्डफिशना खीर
परवा नौपाड्यातल्या एका दुकानात माशांच्या खाद्याचा डबा उघडा होता. त्या उग्र, सुकटीसारख्या वासाने आमचा डोंबिवलीचा जुना फ्लॅट आठवला. गणपतीला आठ दिवसांसाठी कोकणात निघताना मी माझ्या मुलाच्या पाच गोल्डफिशसाठी समोरच्या काकूंकडे चावी दिली होती. काकू एकट्याच राहायच्या. "दिवसातून एकदा, चिमूटभरच," असं मी दोनदा बजावलं होतं. परत येऊन दार उघडलं तर घरभर आंबूस वास, टाकीतलं पाणी दुधाळ, त्यावर तुपाचा तवंग आणि पाचही मासे उलटे. काकू मागोमाग आल्या. "अगं, गौरी जेवल्या त्या दिवशी यांना ते कोरडं कसं घालायचं? थोडी खीर घातली. आमचा मुलगा येणार म्हणून केली होती, तो काही आला नाही." माझा मुलगा रडायला लागला होता, सामान अजून दारातच होतं. मी म्हटलं, "तुमच्याकडे जेवायला कोणी नाही म्हणून आमचे मासे मारायचे का? चावी द्या." त्यांनी कमरेची चावी काढून दिली आणि टाकीत हात घालून मासे काढू लागल्या. "राहू द्या ते," मी म्हटलं. नवे मासे मी त्याच रविवारी आणले. पुढे जिन्यात भेटलो की काकू भिंतीकडे सरकायच्या आणि मी सरकू द्यायचे. दोन वर्षांनी त्या फ्लॅट विकून गेल्याचं मला वॉचमनकडून कळलं. कुठे गेल्या, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारायला तो वॉचमनही नाही.