ड्रिलपुढचं स्टूल

अण्णांचा फोन आला तेव्हा मी हेब्बाळच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. "अक्का गेली," एवढंच ते म्हणाले. सरोजाक्का दोन महिने आजारी होत्या, आणि त्यांच्या या भावाला मी सांगून ठेवलं होतं, की काही असलं तर फोन करा, मी लगेच येईन. सांगितल्याप्रमाणे त्यांनी फोन केला. मधल्या काळात मी एकदाच भेटून आले होते, तेही घाईत... त्याला आता सात आठवडे झाले. अक्का बंगळुरात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या, मी नागपूरहून नोकरीसाठी आलेली. ऑफिसात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, एवढ्या भांडवलावर आमचं जमलं.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडे दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटची वेबसाइट होती. सकाळी आठला नोंदणी उघडली की ती धापा टाकायला लागायची. सर्व्हरवर चाळीस वर्कर होते, म्हणजे एका वेळी एकेका पेशंटचं काम बघणारे चाळीस प्रोग्रॅम. प्रत्येक जण दवाखान्याच्या कॉम्प्युटरला 'जागा आहे का' असं विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचा. एक्केचाळिसाव्या पेशंटला स्क्रीनवर नुसतं फिरणारं चक्र दिसायचं. मी अक्कल पाजळली आणि चाळिसाचे चारशे केले. दुसऱ्या दिवशी चारशे जण एकदम विचारायला लागल्यावर दवाखान्यांच्या जुन्या कॉम्प्युटरांनी मान टाकली, आणि दुपारपर्यंत कोणालाच अपॉइंटमेंट मिळाली नाही. एका बाईंनी तक्रारीत लिहिलं होतं, की आजारी वडिलांना घेऊन त्या होसकोटेहून निघालेल्या आहेत, आता त्यांनी काय करायचं? ते वाचल्यावर मी राजीनामा लिहिला, छापला, आणि इंग्रजी तपासायला म्हणून अक्कांना दिला. त्यांनी तो घडी घालून पर्समध्ये टाकला आणि शनिवारी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत यायला सांगितलं.

पीण्यात अण्णांचा छोटा कारखाना आहे. तिथं तीन लेथ मशिनं आणि ती तिन्ही चालवणारा एकटा मुनियप्पा. तो एका मशिनाला लोखंडाचा तुकडा लावायचा, मशीन चालू करायचा आणि वळून दुसऱ्याकडे जायचा. काप पुरा झाला की मशिनावरची घंटी वाजायची, मग तो परत यायचा. "बघ गे," अक्का म्हणाल्या, "तुझे चाळीस जण मशिनाकडे बघत उभे आहेत. तू आणखी माणसं आणलीस. माणसं कुठं कमी होती?" माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी लगेच ऑफिसला पळणार होते, पण त्यांनी दंड धरला. "स्वल्प थांब. अर्धंच बघितलंस." कोपऱ्यात जुनं ड्रिल होतं, आणि अण्णा स्वतः दांडा धरून स्टुलावर बसले होते. ते मशीन आपलं आपण चालत नाही. हात सोडला तर भोक पाडणारा बिट मोडतो. "इथं घंटी नाही," अक्का म्हणाल्या. "इथं बसायलाच लागतं. म्हणून याला माणूस वेगळा आणि बसायला स्टूल."

तीन आठवडे मी तेच करत होते. वर्करनं विचारायचं आणि पुढच्या पेशंटकडे वळायचं. उत्तर आलं की तेवढं पुरं करायचं. दोन दवाखान्यांचं सॉफ्टवेअर इतकं जुनं होतं, की विचारणाऱ्याला ते उत्तर देईपर्यंत सोडायचंच नाही. त्यांच्यासाठी सहा वर्कर वेगळे काढले, म्हणजे ते अडकले तरी बाकीच्यांचं काम अडायला नको. किती वेळ वाट बघायची याचीही मर्यादा घातली. सर्व्हर तोच, पण सकाळी आठचं ते चक्र दिसेनासं झालं. अक्कांनी राजीनामा परत दिला. इंग्रजी लाल शाईनं दुरुस्त केलेलं होतं. "असू दे," म्हणाल्या, "कधी लागलंच तर."

मला मात्र त्या शनिवारातली फक्त घंटी आवडली. आईला, मैत्रिणींना, सगळ्यांना मी सांगायला लागले, काही असलं तर कळवा. अक्कांच्या टेबलाशी कोणी बोलायला आलं की त्या लॅपटॉप मिटायच्या, हे मी रोज बघत होते. तरी त्यांच्या आजारपणातही मी घंटीचीच वाट बघत राहिले. लिहितानाही लाज वाटते.

दिवसपाणी झाल्यावर मी पीण्याला गेले. अण्णा ड्रिलवर होते. "तुला बोलवू काय म्हणून अक्काला विचारलं होतं," ते म्हणाले. "तर म्हणाली, कामात असेल, येईल ती." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला रडू आवरेना. त्यांनी उठून आपलं स्टूल माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतः उभे राहून काम करत राहिले.

आता रविवारी आईचा फोन आला की मी लॅपटॉप मिटते. तिच्या लक्षात आलंय. ती हल्ली लांबलचक बोलते. शनिवारी मी पीण्याला जाते. ड्रिलपाशी आता दोन स्टुलं आहेत, दुसरं मुनियप्पानं कुठून तरी आणलं. गेल्या शनिवारी माझा फोन सारखा वाजत होता.

"काम नाही काय तुला?" अण्णांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं, आणि फोन पर्समध्ये, लाल शाईच्या त्या कागदाशेजारी टाकला. अण्णांनी दांडा खाली ओढला. भोक आरपार पडेपर्यंत आम्ही दोघंही जागचे हललो नाही.